अधिवेशनाचे दर्शन

राजकीय पक्षाचे अधिवेशन ही आपल्या सार्वजनिक जीवनातील एक जुनी संस्था आहे. १८८५ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, तेथून मोजले तर तिला एकशेचाळीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात अधिवेशने भरविणारे पक्ष बदलले, मंडप बदलले, पुढाऱ्यांचे वेष आणि भाषा बदलल्या. परंतु सर्वांत मोठा पालट झाला तो अधिवेशनाला न गेलेल्या माणसाच्या बाबतीत. गेलेले लोक शेकड्यांनी किंवा हजारांनी मोजावेत. न गेलेले कोटींनी. या न गेलेल्यांना अधिवेशन पूर्वी कसे कळत असे, आज ते कसे दिसते, आणि या दिसण्यामुळे खुद्द अधिवेशनाचेच स्वरूप कसे पालटले, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा आमचा मानस आहे.

या विषयाकडे वळण्यास आमची स्थितीच कारण झाली. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकून. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पाचव्या नियमाने आम्हांस कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासद होण्याची किंवा त्याच्या कार्यात भाग घेण्याची मनाई आहे. मत देण्याचा अधिकार तेवढा आहे. या नियमाविषयी आमची तक्रार नाही. ज्याच्या मेजावर सर्वांचे अर्ज येतात त्याने छातीवर कोणाचाच बिल्ला लावू नये, हे रास्तच आहे. पण त्याचा परिणाम असा की, अधिवेशन ही आमच्यासारख्यांना जन्मभर दुरून पाहण्याचीच गोष्ट ठरते. त्यात आम्ही राहतो चिरगावास, म्हणजे महाराष्ट्रापासून पुष्कळच दूर. मुंबईस किंवा नागपुरास भरलेले अधिवेशनही आम्ही पडद्यावरच पाहणार. म्हणून पडद्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही, हा आमच्या दृष्टीने करमणुकीचा प्रश्न नव्हे. पाच वर्षांतून एकदा मतदानाच्या रांगेत उभे राहताना पदरी जी काही शिदोरी असते, ती बव्हंशी या पाहण्यातूनच जमलेली असते.

चिरगाव हे झाशी-कानपूर लोहमार्गावरचे, झाशीपासून सुमारे ३० किलोमीटरवरचे लहानसे गाव. हिंदी वाङ्मयाच्या वाचकांना मात्र त्याचे नाव सांगावे लागत नाही. मैथिलीशरण गुप्त (१८८६ ते १९६४) यांचा जन्म येथला. त्यांचे कविबंधू सियारामशरण येथलेच. आणि त्यांचे ग्रंथ ज्या 'साहित्य सदना'तून प्रसिद्ध होत, तेही येथलेच. 'भारत-भारती' हे काव्य १९१२ साली लिहिले गेले आणि पाहता पाहता उत्तर हिंदुस्थानभर पसरले. गुप्तजींचे वाङ्मयगुरू महावीरप्रसाद द्विवेदी हे झाशीच्या रेल्वे कचेरीत नोकरीस होते. तारयंत्राच्या कामात मुरलेले आणि मराठी उत्तम जाणणारे. पुढे नोकरी सोडून त्यांनी 'सरस्वती' मासिकाला वाहून घेतले. आम्हां कारकुनांस या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. हे सांगण्याचे कारण निराळे आहे. त्या काळी राष्ट्राच्या चर्चेत चिरगावासारख्या गावाचा जो भाग होता, तो प्रेक्षकाचा नव्हता. वाचणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा होता. येथे छापलेले पुस्तक लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत जाई आणि तिकडची वर्तमानपत्रे येथे येत. १९५२ ते १९६४ या काळात गुप्तजी राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले सदस्य म्हणून राज्यसभेत बसत. गावातला माणूस दिल्लीत जाऊन बोलत होता. दिल्लीची प्रतिमा अद्याप गावात आली नव्हती.

तेव्हा अधिवेशन गावापर्यंत पोहोचे ते तीन वाटांनी. पहिली वाट तारेची आणि तिच्यावर चालणाऱ्या वर्तमानपत्रांची. दुसरी छापील अहवालाची: काँग्रेस आपल्या अधिवेशनांचे अहवाल छापून प्रसिद्ध करी आणि त्यांत भाषणे व ठराव सविस्तर दिलेले असत. तिसरी वाट परत आलेल्या माणसाची. १९२५ सालच्या डिसेंबरात कानपुरास सरोजिनी नायडू यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. चिरगावच्या स्थानकावर गाडीत बसलेल्या माणसाला कानपूर थेट गाठता येत होते. त्या अधिवेशनाच्या व्यवस्थेत 'प्रताप' पत्राचे संपादक गणेशशंकर विद्यार्थी यांचा पुढाकार होता, आणि गुप्तजींशी त्यांचा निकटचा स्नेह होता. याच अधिवेशनात काँग्रेसचे कामकाज शक्यतो हिंदुस्थानीत चालावे, असे ठरले. म्हणजे तोवर ऐकणाऱ्यांपैकी कितीकांना व्यासपीठावरील इंग्रजी कळत नसे, याची ही कबुलीच होती. न गेलेल्या माणसाचा विचार येथून सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या तिन्ही वाटांचा गुण असा की, त्यांतून भांडण लपत नसे. १९०७ च्या सुरतेचे उदाहरण प्रसिद्धच आहे. २७ डिसेंबरला टिळक व्यासपीठावर चढून बोलण्याचा हक्क मागत उभे राहिले, गोंधळ माजला आणि सभेतून एक जोडा भिरभिरत आला. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन त्या मंडपात हजर होते. तो जोडा मराठी बनावटीचा होता, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, इतक्या बारकाव्याने त्यांनी ते दृश्य आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. दूरचित्रवाणीच्या कोणत्याही यंत्राने याहून अधिक काय टिपले असते? पण नेव्हिन्सन यांचे काम जोड्याशी संपले नाही. जोडा का आला, वादाचा मुद्दा कोणता, ठरावांच्या शब्दांत कोणी कोणता बदल केल्याचा संशय होता, हेही त्यांना सांगावे लागले; कारण वाचकाला दृश्य दिसत नव्हते, त्याला कारणेच द्यावी लागत. अधिवेशन मोडल्यावर मवाळ व जहाल या दोन्ही पक्षांनी आपापली निवेदने प्रसिद्ध केली. पुण्यातला, झाशीतला किंवा नागपुरातला वाचक ती दोन्ही समोर ठेवून आपला निवाडा करू शकत होता.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनाला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. असहकाराच्या ठरावाला जीनांनी तेथे विरोध केला, तेव्हा सभेने त्यांना ओरडून खाली बसविण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी कोठे चित्रयंत्र नव्हते की प्रक्षेपण नव्हते. मतभेद न सोसण्याची वृत्ती यंत्राने जन्माला घातलेली नाही, ती मंडपाइतकीच जुनी आहे. तथापि ओरड झाली तीही नोंदली गेली आणि विरोध झाला तोही नोंदला गेला, म्हणूनच आज आपण त्याविषयी बोलू शकतो.

अधिवेशन केवळ ऐकण्याची नव्हे, तर पाहण्याची गोष्ट होऊ लागली ती १९३० नंतरच्या दशकात. आमच्या मते याचे सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेस प्रथमच खेड्यात भरली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. जागेचे नाव टिळकनगर. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया व खेड्यात सहज मिळणाऱ्या वस्तू यांतून सारे नगर सजविले. प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. याच सुमारास सभांमध्ये ध्वनिक्षेपक रूढ झाले होते. नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीची यंत्रे काँग्रेसच्या मंडपात दिसू लागली होती. ज्याला पूर्वी दहाव्या ओळीपलीकडे ऐकू येत नसे, त्याला आता मैदानाच्या टोकाला बसून ऐकू येऊ लागले. फैजपूरचे वैशिष्ट्य असे की, तेथील शोभा आणि तेथील ठराव यांची जात एक होती. खेड्याच्या वस्तूंनी सजविलेल्या त्या मंडपात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा तेरा कलमी कार्यक्रम मान्य झाला. डोळ्यांना जे दिसत होते, तेच कागदावरही उतरत होते.

सव्वादोन वर्षांनी, १९३९ च्या मार्चमध्ये, जबलपूरजवळ त्रिपुरीस निराळेच दृश्य दिसले. सुभाषचंद्र बोस यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पट्टाभि सीतारामय्यांचा दोनशेंहून अधिक मतांनी पराभव केला होता, आणि पक्षातील ज्येष्ठांना तो निकाल रुचला नव्हता. अधिवेशनाच्या वेळी अध्यक्ष तापाने फणफणलेले. हे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन, म्हणून ५२ हत्तींची मिरवणूक निघाली. पण रथात अध्यक्षांऐवजी त्यांची प्रतिमा होती. अध्यक्षांचे भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र यांनी वाचले. इकडे प्रतिमेची मिरवणूक चालली असता तिकडे गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव येत होता. नव्या अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा त्याचा आशय. ठराव मंजूर झाला आणि एप्रिलच्या अखेरीस सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. कल्पना करावी की, त्या दिवशी त्रिपुरीहून थेट प्रक्षेपण होत आहे. पडद्यावर काय दिसले असते? ५२ हत्ती, फुलांचा रथ आणि लोटलेला जनसमुदाय. अध्यक्षाच्या हातातून अधिकार निसटत होता तो ठरावाच्या चार ओळींत, आणि चार ओळी पडद्यावर शोभत नाहीत.

यानंतर वीस वर्षांनी, १९५९ च्या जानेवारीत, काँग्रेस नागपुरास भरली. सहकारी संयुक्त शेतीचा ठराव पुढे आला. ठरावामागे साक्षात पंतप्रधान नेहरू होते. असे असता उत्तर प्रदेशाचे चरणसिंह यांनी भर अधिवेशनात त्या ठरावाविरुद्ध भाषण केले. लहान शेतकऱ्याची मालकी मोडली तर उत्पादन वाढणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि नेहरूंनी तो ऐकून घेतला. ठराव मंजूर झाला खरा, परंतु संयुक्त शेती देशात कधी रुजली नाही. पुढच्या पिढीतील अभ्यासकांना त्या ठरावापेक्षा त्या विरोधाचेच महत्त्व अधिक वाटते. आता सनावळीकडे पाहावे. नागपूरचे हे अधिवेशन जानेवारी १९५९ चे. दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले ते १५ सप्टेंबर १९५९ ला. एका अर्थाने नागपूर हे दूरचित्रवाणीपूर्व भारतातील शेवटचे अधिवेशन होय. लोकांनी ते पाहिले नाही, आणि तेथे काय म्हटले गेले ते मात्र त्यांना कळले.

पडदा आल्यावर काय होते, हे आपल्याआधी अमेरिकेने अनुभविले. तेथील दोन्ही मोठे पक्ष दर चार वर्षांनी अधिवेशन भरवून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवितात. १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाचे अगदी थोड्या संचांपुरते प्रक्षेपण झाले; १९५२ मध्ये शिकागोची अधिवेशने प्रथमच एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत दिसली. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षात आयझेनहॉवर आणि टाफ्ट यांच्यात चुरस होती. दक्षिणेकडील काही राज्यांतून आलेले प्रतिनिधी खरे कोणते, असा तंटा उभा राहिला. तो ज्या समित्यांपुढे चालला तेथे चित्रयंत्रे येऊ द्यावीत की नाहीत, यावरच झगडा झाला. आयझेनहॉवर यांच्या बाजूला ती हवी होती. अखेर यंत्रे आत गेली, देशाने तो तंटा पाहिला आणि लोकमत आयझेनहॉवर यांच्या बाजूला झुकण्यास त्याचे साहाय्य झाले. पडद्याचा हा उत्तम उपयोग होता, कारण ज्या खोलीत निर्णय होत होता त्याच खोलीत यंत्र पोहोचले होते.

पक्षांनी मात्र यावरून निराळाच धडा घेतला. त्याच १९५२ साली डेमोक्रॅटिक पक्षाला आपला उमेदवार, अॅडलाय स्टीव्हन्सन, निवडण्यास मतदानाच्या तीन फेऱ्या लागल्या. त्यानंतर या दोन पक्षांपैकी कोणाच्याही अधिवेशनाला दुसऱ्या फेरीची गरज पडलेली नाही. १९६८ मध्ये शिकागोलाच डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले असता व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर रस्त्यात लाठ्या चालत होत्या, मंडपात आरडाओरडा चालला होता, आणि दोन्ही दृश्ये लोक घरात बसून पाहत होते. १९७२ साली दोन्ही पक्ष मायामी बीच या एकाच शहरात भरले. डेमोक्रॅटिक पक्षाने वादविवादाला मोकळीक दिली. परिणामी त्यांचा उमेदवार मॅकगव्हर्न भाषणाला उभा राहिला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते आणि देश झोपला होता. रिपब्लिकन पक्षाने मिनिटामिनिटाची संहिता आधी लिहून ठेवली होती. कोणी केव्हा बोलावे आणि टाळ्या केव्हा पडाव्यात, हेही तीत होते. ती संहिता बाहेर फुटली, थोडी थट्टाही झाली. पण निक्सन ५० पैकी ४९ राज्यांत विजयी झाले. जगभरच्या पक्षव्यवस्थापकांनी यातून काय बोध घेतला असेल, हे सांगावयास नको. याच निक्सन यांना दोन वर्षांत पद सोडावे लागले, ही गोष्ट त्या बोधात कोणी मिळविली नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, अमेरिकेतील अधिवेशने निर्जीव झाली ती केवळ पडद्यामुळे नव्हे. १९६८ नंतर उमेदवारनिवड राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांनी होऊ लागली, म्हणजे निर्णय मंडपातून निघून सामान्य मतदाराकडे गेला. तेथील अधिवेशन रिकामे झाले, पण रिकामे होताना आतला अधिकार त्याने लोकांच्या हाती दिला. आपल्याकडील कथा येथेच वेगळी होते.

आपल्याकडे १९८२ साली रंगीत चित्र आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रक्षेपण केंद्रांचे जाळे लहान शहरांपर्यंत पसरले. १९८५ च्या डिसेंबरात काँग्रेसचा शताब्दी सोहळा मुंबईस झाला. अध्यक्ष राजीव गांधी यांनी त्या भाषणात स्वपक्षातील सत्तेच्या दलालांवर कठोर टीका केली. एवढी स्पष्टोक्ती पक्षाध्यक्षाच्या तोंडून क्वचितच ऐकू आली असेल. तथापि पक्षांतर्गत निवडणुका होण्यास १९९२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तिरुपतीच्या अधिवेशनात नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारिणीसाठी खरोखरीचे मतदान झाले. अर्जुनसिंह, शरद पवार आदी निवडून आले. मात्र निवडून आलेल्यांत एकही स्त्री किंवा दलित नाही, या मुद्द्यावर राजीनामे घेण्यात आले आणि कार्यकारिणीची रचना नेमणुकीने झाली. १९९७ मध्ये कलकत्त्यास पुन्हा एकदा असे मतदान झाले. तो पायंडा पुढे चालला नाही.

दुसऱ्या मोठ्या पक्षाचा इतिहासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस त्याचे पहिले महाअधिवेशन झाले. अध्यक्ष अटलबिहारी वाजपेयी. मंचावर पाहुणे म्हणून न्यायमूर्ती महंमद करीम छागला. पक्षाने 'गांधीवादी समाजवाद' हे सूत्र स्वीकारले. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे पक्षाच्या उपाध्यक्षा होत्या. त्यांना ते मान्य नव्हते आणि आपला विरोध त्यांनी लेखी टिपणाच्या रूपाने प्रतिनिधींपुढे ठेवला. पुढे तो त्यांनी मागे घेतला. परंतु नव्याने जन्मलेल्या पक्षात उपाध्यक्षच लेखी भिन्नमत मांडतो, हे दृश्य आज कोठे दिसेल? २००५ च्या डिसेंबरात याच पक्षाचा रौप्यमहोत्सव मुंबईस झाला, तेव्हा वाजपेयींनी यापुढे निवडणूक न लढविण्याची घोषणा केली. तोवर वृत्तवाहिन्या अहोरात्र चालू झाल्या होत्या आणि ती घोषणा देशाने पाहिली. ती हृद्य होती. पण ती घोषणा होती, चर्चा नव्हे. पक्षाध्यक्षाची निवड मात्र तेथे स्थापनेपासून एकमतानेच होत आली आहे.

अलीकडील एक उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. आकडे जाहीर झाले, हे विशेष. त्या चार ओळींतून पक्षाची स्थिती जितकी कळली, तितकी तासन्‌तासांच्या चित्रणातून कळली नाही. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, रायपूरला महाअधिवेशन भरले. वाहिन्यांनी रस्त्यावर अंथरलेला गुलाबपाकळ्यांचा सडा दाखविला, भव्य मंच दाखविला, पुढाऱ्यांची आगमने दाखविली. कार्यकारिणीसाठी निवडणूक घ्यावी की न घ्यावी, हा मुख्य प्रश्न पहिल्याच दिवशी सुकाणू समितीच्या बंद दालनात निकालात निघाला: निवडणूक नको, अध्यक्षांनी नेमणुका कराव्यात. दालनात काय बोलणे झाले, कोणी कोणता मुद्दा मांडला, हे पडद्यावर आले नाही. यंत्र दाराबाहेर उभे होते. त्याने आत जाणाऱ्या मोटारी टिपल्या आणि बाहेर येणाऱ्या मोटारी टिपल्या.

चिरगावच्या बाजारात चहाच्या दुकानातील संचावर आणि हल्ली ज्याच्या त्याच्या हातातील मोबाइलवर ही दृश्ये लोक पाहतात. पाहणारे भोळे नसतात. मंचावर कोणाची खुर्ची कोणाशेजारी आहे, कोणाला हार आधी पडला, भाषण चालू असता कोणाचे लक्ष नव्हते, यावरून ते अनुमाने बांधतात. बुंदेलखंडी माणसाची ही निरीक्षणशक्ती वाखाणण्याजोगी आहे, आणि बऱ्याचदा अनुमान खरेही ठरते. पण विचार केला म्हणजे खंत वाटते. जुन्या दरबारात कोण पुढे बसला आणि कोणाला विडा मिळाला, यावरून रयत राजकारण ओळखीत असे. प्रजासत्ताकातील नागरिकाला पुन्हा तीच विद्या शिकावी लागत असेल, तर पडदा लखलखीत झाला म्हणून काय झाले? याच गावात शंभर वर्षांपूर्वी ठरावाच्या शब्दांवर वाद होत असतील. आज खुर्च्यांच्या क्रमावर होतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बंद दालने तेव्हाही होती. काँग्रेसच्या विषयनियामक समितीतच पुष्कळसे ठरत असे आणि उघडे अधिवेशन त्यावर शिक्का मारी. हे खरे आहे. तथापि ती समिती लहान नव्हती, तीतील मतभेद बाहेर येत, आणि उघड्या अधिवेशनातही उपसूचना मांडून मत मागता येत असे. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे: निरक्षर माणसाला छापील अहवालाचा काय उपयोग होता? पडद्याने त्याला पुढाऱ्याचा चेहरा दाखविला, आवाज ऐकविला, घरातील स्त्रियांना सभेत आणून बसविले. हा लाभ लहान नव्हे आणि तो नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, या नव्या प्रेक्षकाला ज्या खोलीत निर्णय होतो ती खोली दिसली पाहिजे. १९५२ साली शिकागोत ती दिसली, तेव्हा यंत्राने लोकशाहीची सेवाच केली.

आमच्या कचेरीत एक पद्धत आहे. कोणताही प्रश्न नस्तीवर चढला की, खालच्या कारकुनापासून वरिष्ठापर्यंत प्रत्येकजण आपले टिपण लिहितो. कारकुनाचे मत वरिष्ठाला पटले नाही तर तो ते बाजूला सारून निराळा आदेश देऊ शकतो. पण कारकुनाचे टिपण नस्तीतून काढता येत नाही. पंचवीस वर्षांनी कोणी ती उघडली तर निर्णय काय झाला हे तर कळतेच, पण त्याच्या विरुद्ध काय म्हटले गेले होते, हेही कळते. सरकारी कामकाजाची दिरंगाई पुष्कळांनी वर्णिली आहे. हा तिचा गुण फारसा कोणी वर्णिलेला नाही. नागपुरातील चरणसिंहांचे भाषण हे असेच एक टिपण होते. विजयाराजे शिंदे यांचा कागद हेही तसेच टिपण. आजची अधिवेशने पाहताना मात्र केवळ शेवटची सही असलेली नस्ती हाती यावी, तसे वाटते. सही ठळक असते, शाई उत्तम असते. परंतु आतली पाने गायब.

ती पाने नसली की नुकसान कोणाचे होते? पुढाऱ्यांचे नाही, त्यांना आतले सारे ठाऊक असते. प्रतिनिधींचेही फारसे नाही. नुकसान होते ते जो तेथे जाऊ शकत नाही त्याचे, मग तो नियमाने बांधलेला सरकारी नोकर असो, शेत सोडून न जाऊ शकणारा कुणबी असो किंवा परप्रांतात राहणारा मराठी माणूस असो. पक्ष उद्या सत्तेवर येतील आणि त्यांच्या ठरावांवरून निघालेले आदेश आमच्याच मेजावरून जातील. त्या ठरावांना विरोध झाला होता काय, आणि झाला असल्यास कोणत्या कारणांनी, हे जाणण्याचा हक्क मतदार म्हणून आम्हांस आहे. पक्षांनी अधिवेशनातील उपसूचना आणि मतांचे आकडे प्रसिद्ध करावेत, आणि वाहिन्यांनी मिरवणुकीला देतात त्यातला थोडा वेळ त्या कागदाला द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही की नवे यंत्र लागत नाही. फैजपूरच्या मंडपात शोभाही होती आणि तेरा कलमेही होती. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे तेथे सिद्ध झालेच आहे. पुढचे अधिवेशन कोठेही भरो, आम्ही ते पाहणारच. पाहून झाल्यावर मात्र त्या दिवशीचा ठराव आणि त्याला पडलेली मते कोठे छापली आहेत, असे विचारल्याखेरीज संच बंद करू नये, ही सवय आपण प्रेक्षकांनी लावून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.